ताऱ्याची धूळ आणि ओराझियोच्या खिडक्या

मी, वेनेरा कास्तोरिना, वय शहात्तर, राहणार कातानिया, माझ्या पश्चात काय कोणाचं हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा भाऊ ओराझियो शंका काढल्याशिवाय राहणार नाही. नवरा-मुलं नाहीत, वाटणी माझ्या मर्जीची.

१. राहतं घर ओराझियोला. गच्ची त्याने रोज झाडावी. एटना ज्वालामुखीची राख पन्हाळीत साचली की खालची मंडळी माझ्या नावाने ओरडतात.

२. बँकेतली ठेव माझी विद्यार्थिनी तिंदारा हिला. तिने थोडी रजा घ्यावी. घेणार नाही, माहीत आहे.

३. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर स्कुदेरी यांना काहीही नाही. कारण नोंदवते.

जन्मणाऱ्या ताऱ्याभोवती खनिजांची धूळ असते. तापली की ती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देते आणि त्यात प्रत्येक खनिजाची वेगळी खूण उमटते. तशीच काचेसारखी धूळ मी प्रयोगशाळेतल्या भट्टीत तापवली. तिचे स्फटिक झाले, आलेखावर नवं टोक आलं. तारा भडकला की त्याच्याभोवतीही हेच घडत असणार, असं मी मांडलं.

स्कुदेरी म्हणाले, "वेनेराबाई, तुमच्या नमुन्यात खिडकीतून एटनाची राख आलीय. खिडक्या लावत जा."

खिडक्या बसवल्या होत्या ओराझियोने, धंदाच त्याचा. त्या शेऱ्याने माझा शोधनिबंध अडला याचं त्याला काही नाही, खिडक्यांना नाव ठेवलं याचा राग!

"ताई, कोण समजतो तो स्वतःला?"

"अरे, प्रश्न ताऱ्याचा आहे."

"तारा गेला खड्ड्यात! माझ्या खिडकीतून मुंगी आत येत नाही!"

पुढे बऱ्याच वर्षांनी असा एक तारा खरंच भडकला. अवकाशातल्या दुर्बिणीला त्याच्या धुळीत तेच टोक दिसलं, जे आधी नव्हतं. स्कुदेरींनी जाहीर व्याख्यान ठेवलं, माझा आलेख पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "हे आमच्या प्रयोगशाळेचं भाकीत." मागच्या रांगेतून ओराझियो उठला.

"प्रोफेसरसाहेब, म्हणजे ती राख नव्हतीच ना? खिडकी घट्टच होती! मग ताईचं नाव कुठंय?"

सभागृह हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण स्कुदेरींना माझं नाव घ्यावं लागलं आणि शोधनिबंध माझ्याच नावाने निघाला. त्या तमाशाबद्दल ओराझियोला अजून माफ केलेलं नाही. तरी कलम एक कायम.

४. तिंदाराला आणखी एक. तो तारा आता निवलाय आणि ते स्फटिक दिसेनासे झालेत. नेमके आत्ता, माझं हृदय थकल्यावर! माझ्या मते ते बाहेर थंडीत ढकलले गेलेत, जिथे धूमकेतू घडतात. तिंदारा, तू तिथे शोध. मी चुकले असेन तर खुशाल छाप. फक्त ओराझियोला सांगू नकोस.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, माझ्या घराण्याला लागतात:

रोझारिया ग्रासो, शेजारीण (सही)
जिरोलामो तोरिसी, औषधवाले (सही)

वेनेरा कास्तोरिना (सही)
कातानिया, १४ नोव्हेंबर २०१९