बुकिंग माझ्या नावाचं

२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

श्रुतीचा दिवाळसण. जावई यशोधनराव आणि ती काल पुण्याहून आले. फिरायला भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर हवी म्हणाले. इथल्या फ्रीगंज बाजारातल्या दुकानात आधार, लायसन लागतं. यशोधनरावांचं मागतो म्हटलं, तर श्रुतीची आई, मंगला, कडाडली — "पहिल्या दिवाळीला जावयाकडे कागद मागणार? अजीबच आहात तुम्ही!" मग माझेच कागद दिले. ओटीपीही माझाच. जन्मभर कोर्टात रीडर होतो, वाचल्याशिवाय एक कागद न्यायाधीशांपुढे सरकवला नाही. हा तेवढा न वाचता सही केला!

२३ ऑक्टोबर

भैरवगढच्या वळणावर स्कूटरनं एका माणसाला उडवलं. निसारभाई — कापडावर ठसे मारणारे कारागीर. उजवं मनगट मोडलं. नेमका ठशाचा हात!

"मी चालवत होतो," यशोधनराव म्हणाले. श्रुतीचं कोपर सोललंय.

२४ ऑक्टोबर

दुकानवाला म्हणतो, "अंकलजी, बुकिंग जिसके नाम, गाड़ी वही चलाएगा. दूसरे ने चलाई तो बीमा नहीं मिलेगा. सारी जिम्मेदारी आपकी." कागद काढून वाचला. खरंच लिहिलंय, खाली माझी सही.

२५ ऑक्टोबर

यशोधनराव जवळ येऊन बसले. "बाबा, तुम्हीच चालवत होतात असं सांगा ना. कागद तुमचेच आहेत. त्या माणसालाही विमा मिळेल."

कान तापले माझे. पढवलेला साक्षीदार मी पहिल्या वाक्याला ओळखायचो, आणि हा मलाच पढवतोय! तोंडावर सांगितलं — स्वतःच्या चुकीमागे म्हाताऱ्याला उभं करता? सोमवारी ठाण्यात जाऊन तुमचं नाव लिहून देणार. मंगला रडायला लागली — "दिवाळसणाला जावयाला पोलिसात देणार?" देणार! पोरीच्या नशिबी असा भित्रा नवरा आला याचं फार वाईट वाटतं. श्रुती ताटावरून उठून गेली.

२६ ऑक्टोबर

चकल्या डब्यात तशाच.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ठाण्यात जाण्याआधी हॉस्पिटलात गेलो. निसारभाई प्लास्टर सावरत उठून बसले. मी कोर्टातला म्हणून ओळख दिली, हात जोडले, जावयाच्या वतीनं माफी मागितली.

"भैयाजी को मत डाँटना, साहब. वो तो पीछे बैठे थे. मुझे उठाया भी उन्होंने ही. गाड़ी बिटिया चला रही थी."

जोडलेले हात मी खाली घेतले.

"पुलिस कल बयान लेने आएगी," ते म्हणाले. "आप तो कोर्टवाले हो, साहब. बताओ, क्या बोलूँ?"

उद्या सकाळी येतो म्हटलं आणि बाहेर आलो. श्रुतीकडे लायसन नाही. अठरा पूर्ण झाली तेव्हा मागे लागली होती. मीच काढू दिलं नाही — इथल्या रस्त्यांवर पोरीनं गाडी चालवायची नाही म्हणून. यशोधनराव तिच्यासाठी सगळं अंगावर घेत होते, आणि मी त्यांना काय काय बोललो! लाज वाटते. ठाण्यात गेलो नाही.

२८ ऑक्टोबर

जबाब दिला — गाडी मी चालवत होतो. त्याआधी हॉस्पिटलात जाऊन निसारभाईंकडूनही तेच तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा पोलिसांसमोर बोलले, कुठेही अडखळले नाहीत.