घरामागचा झरा

२८ जून
आईचा फोन. तुरीची डाळ शिजत नाही म्हणे. "तुझ्या मॉलची डाळ लई चिवट हाय. शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या, दाणा तसाच." मी आणलेल्या वस्तूला नाव ठेवल्याशिवाय तिला घास उतरत नाही. सुट्टीला नवा कुकर घेऊन जाते.

५ जुलै
मुळशीला जाऊन आले. नव्या कुकरातही तेच. मग आईने हंडा दाखवला, आत पांढरा थर. घरामागच्या झऱ्याचं पाणी जन्मभर प्यालो, हंड्याला कधी डाग नाही. बाटली भरून घेतली. आप्पा हसले, "भूगावात पाणी मिळंना व्हय?"

६ जुलै
कॉलेजच्या लॅबमध्ये तपासलं. मार्चच्या प्रॅक्टिकलला हेच पाणी होतं, क्षार आता दुप्पट. पावसात पाणी वाढून ते कमी व्हायला हवेत. पुन्हा तपासलं, तेच.
भूगोलाच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी आकडे दोनदा वाचले. मग, "पाणी डोंगरात नव्या भेगांतून फिरतंय, ताजा खडक खातंय. वर कुणी खोदलंय का? असा उतार पावसात सुटून खाली येतो."
खोदलंय. झऱ्याच्या वर बंगल्यांच्या प्लॉटसाठी रस्ता कापलाय. खाली घर एकच, आमचं.
दरवर्षी अकरावीला शिकवते, डोंगर विरघळतो, मुळा नदीतून समुद्राला जातो. समीकरण लिहून मोकळी. कुणाचा डोंगर, हे कधी डोक्यातच आलं नाही.

९ जुलै
तलाठ्याकडे गेले. "पाहणीला माणूस पाठवतो." कधी, ते नाही.
आप्पांना म्हटलं, थोडे दिवस भूगावला या. "डोंगर काय आज उगवलाय? अन् चंद्री गाभण हाय. गाईला तुझ्या लिफ्टमधनं न्यायची का?" आई मागून, "ही ल्हानपणापासनं भित्रीच."
बरं, भित्री तर भित्री.

१३ जुलै
संततधार. झऱ्याचं पाणी कसं दिसतंय, आईला विचारलं. "चहावानी." आणि सहज बोलल्यासारखं, गोठ्याच्या भिंतीला चीर गेलीय, बोट जाईल एवढी. "जुनीच असंल." जुनी नाही. त्या भिंतीला टेकून मी बारावीचा अभ्यास केलाय.
संदीप म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवू नकोस. अरे मग कुणी घाबरवायचं? नवरा असून एवढं कळत नाही.
जेवण गेलं नाही.

१६ जुलै
सकाळी आईचा फोन, खुशीत. "आज डाळ कशी लोण्यावानी शिजली." कुठल्या पाण्यात? "पागोळीच्या. झरा बंद हाय ना कालपासनं."
एवढ्या पावसात झरा बंद. म्हणजे सगळं पाणी आत, डोंगराच्या पोटात.
मॅडम म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्यांना." आईवर ओरडले, चंद्रीला सोड, आप्पांना घे, गावातल्या शाळेत जा. "बरं बाई. आमटी उकळतीय, तेवढी उतरवून निघतो," म्हणाली.

त्याच दिवशी, गाडीत
संदीप चालवतोय, मी लिहितेय. पौड मागे पडलं. पुढे रस्त्यावर लाल पाणी, गाड्या थांबल्यात. आईचा फोन नुसता वाजतोय, कुणी उचलत नाही. वाजतोय म्हणजे घर आहे, संदीप म्हणतो. शाळेत गेली असेल, फोन घरीच विसरली असेल. ती विसरतेच नेहमी.
पुन्हा लावते.