डोळ्याखालचा भोवरा

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर. पौष वद्य चतुर्थी, संध्याकाळ

...हे अंथरुणाला लागले त्या सकाळीही मी भिजवलेला हरभरा घोडीपुढे ठेवला, यांनी खरारा केला. संस्थानं विलीन झाली, पागा मोडल्या, तेव्हा टांग्यासाठी आणलेली ही घोडी. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. हे हसायचे, "आसू गाळणारी म्हणतात हिला, म्हणून कुणी घेईना." वर्षाच्या आत हेच तापाने गेले.

टांगा आता धाकटे दीर हाकतात. आज म्हणाले, "वहिनी, तो भोवरा मालकाला खातो. आता माझी पाळी. उद्या फोपनारचा शेतकरी येतोय, देऊन टाकू."

"मग त्याला नाही खाणार?"

"त्याला दिसेल तर ना! केस कातरून टाकतो."

यांचं अश्वपरीक्षेचं पुस्तक काढलं. रुंद कपाळ, मोठे डोळे, तर घोडी गरीब. खालच्याच ओळीत, डोळ्याखाली भोवरा, तर घरात रडणं. हिच्यात दोन्ही आहे. भोवरा खोटा म्हणावं, तर कातरायचा कशाला? खरा म्हणावं, तर दुसऱ्याच्या दारात बांधायची कशी? काही सुचत नाही.

दुसरा दिवस. शेतकऱ्याला मी भोवऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. तो परत गेला. मग भाऊजींना सांगितलं, "टांगा तुम्ही हाका. घोडीची मालकीण मी."