माझ्या उसावर माझी गाडी

१ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.
पेट्रोलचा उबग आला आहे. त्या वासाचा, पंपावरच्या रांगेचा आणि 'ॲव्हरेज काय देती?' या प्रश्नाचा. इस्लामपुरात माणसाची प्रकृती नंतर विचारतात, हे आधी. आज सगळं गाव हत्यारं, वाहनं धुऊन पुजत होतं. मीही माझी मोटरसायकल पुजली (२००७ची, अजून खणखणीत) आणि हातात पाणी घेऊन शुद्ध संस्कृतात संकल्प सोडला: यापुढे हिच्या टाकीत शंभर टक्के इथेनॉल, अन्य काही नाही. दीड एकर ऊस माझा, कारखान्याचा सभासद मी. मग माझ्या उसावर माझी गाडी का चालू नये?
मंगल मागे ताट घेऊन उभी. "मराठीत सांगा की, गाडीला तरी कळू द्या," म्हणाली. पत्नीला विधीचं गांभीर्य नाही.
साक्षीला म्हणून पळीभर कृष्णेचं पाणी टाकीत सोडलं. अगदी थोडं.
दुसरा संकल्प मराठीत, लेकीसमोर. क्रांतीचं पोलीस भरतीचं मैदान साताऱ्याला लागेल, तेव्हा तिला मीच नेणार. याच गाडीवर. तिने एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. भारावली असावी.

३ ऑक्टोबर.
सांगली. इथेनॉलच्या नळीवर पाटी: फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी. पंपावरचा मिशाळ गृहस्थ माझं गंध बघून म्हणतो, "आवं गुरुजी, तुमच्या गाडीला हे पचायचं न्हाई." त्याला माझं पेपरच्या वार्ताहराचं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटं धरून वाचलं आणि भरून दिलं. अशा लोकांच्या हाती देशाचं इंधन आहे.
परतीच्या वाटेवर गाडी चारदा थबकली. चोक ओढून ठेवला की चालते. म्हणजे चालते.

१२ ऑक्टोबर.
टाकीतून तपकिरी गाळ येतो आहे. किळसवाणा. कार्ब्युरेटर उघडला तर आत काकवीसारखं काहीतरी. जोतीराम मेस्त्री म्हणाला, "ह्या मालानं टाकीतला जुना गंज सुटतोय, गुरुजी. जेटचं बारीक भोक तुंबणार. रबरी पाइप फुगणार. वर ह्यात पाणी कुनी घातलं?" मी विषय बदलला.
हा झाला पूर्वपक्ष. उत्तरपक्ष असा की पंचकर्मातही शरीर आधी मळच बाहेर टाकतं. अठरा वर्षं पेट्रोल प्यालेली गाडी आहे, चार दिवस ओकणारच. हे मी जोतीरामला समजावलं. तो दात कोरत होता.

९ नोव्हेंबर.
ॲव्हरेज निम्म्याच्या जवळ आलं. कारण वारा.

१६ नोव्हेंबर.
आजचा दिवस वहीतून फाडून टाकावा असा. टाकी रिकामी करायची होती (गाळ). नळी तोंडाने ओढली, घोटभर तोंडात आलं. थुंकलं, चुळा भरल्या. तरी वास म्हणून गेला नाही. नेमका त्याच वेळी माझा मेहुणा लालासाहेब दारात. दहा फुटांवरून नाक वर केलं. "दाजी, दुपारच्यालाच?"
मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मंग गाडीला तरी आदी पाजायची." आणि ही गोष्ट सासुरवाडीच्या सगळ्या आळीत सांगितली. मंगलच्या मावशी रंगुबाईंनी फोन करून मला 'बाबा, सोड' म्हटलं. वेदान्त वाचलेल्या माणसाला! शिसारी आली. माणसांची, इथेनॉलची नव्हे.

७ डिसेंबर.
थंडी. सकाळी गाडी सुरूच होत नाही. पंचावन्न किका मोजल्या. ऊन अंगावर आलं की साडेनऊला सुरू होते. आता रोज तिला ढकलत अंगणाच्या पूर्व कडेला नेतो. सूर्यस्नान. शेजारचे भाऊसो विचारतात, "अंडी उबवायला ठेवलिया व्हय?"
जोतीरामचा उपाय: सिरिंजने चमचाभर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये पाजायचं, लगेच धरते. म्हणे हा माल थंडीत जाळ धरत नाही. मी साफ नकार दिला. चमचाभर असो की पिंपभर, संकल्प मोडतो तो मोडतोच. जोतीराम म्हणाला, "मंग ढकला."

१८ डिसेंबर.
पेपरला लेख दिला: 'अडीच महिने शुद्ध इथेनॉलवर, एकही तक्रार नाही.' तक्रार गाडीने केलेली नाही, जोतीरामने केली आहे. वाक्य तपासून लिहिलं. लेख द्यायला चालत गेलो.

१३ जानेवारी २०२६.
क्रांतीचं पत्र आलं. वीस तारीख, सातारा, सकाळी साडेआठला मैदानावर हजर. उशीर झाला तर आत घेत नाहीत. पोरगी दोन वर्षं रोज पहाटे कॅनॉलच्या कडेने पळते आहे. घरात दोन चुलते फौजेतले, पण वर्दीसाठी असं झटताना मी कुणाला पाहिलेलं नाही.
लालासाहेब लगेच आला. "दाजी, माझी चारचाकी हाय की. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय." मी म्हटलं, बाप जिवंत आहे. तो म्हणाला, "बाप हाय वं. गाडीचं काय?"
क्रांती मध्ये पडली. "मामा, आप्पाच नेणार हायत." मी तिच्याकडे पाहिलं. या घरात मला समजून घेणारं एक माणूस आहे.

१९ जानेवारी.
पूर्ण तयारी. गाळ काढला. रबरी पाइप बोटाएवढा जाडा झाला आहे, पण मजबूत दिसतो. रात्रभर इंजिनावर घोंगडं टाकायचं. गणित: पावणेसहाला निघायचं, सव्वाआठला सातारा. गाडीवर माझा विश्वास आहे.

२० जानेवारी, दुपारी १. साताऱ्याच्या वाटेवरचं मलकापूर, एका गॅरेजच्या बाकड्यावर.
क्रमाने लिहितो.
पावणेसहा ते सव्वासहा किका. घाम आला, गाडी थंडगार. क्रांतीने सॅक उघडली. पळायचे बूट बाजूला केले, खालून सिरिंज आणि छोटी बाटली काढली. मी म्हटलं, बाळ, संकल्प. ती म्हणाली, "आप्पा, संकल्प तुमी केलाय. मी न्हाई." आणि पाजलं. तिसऱ्या किकला सुरू. मी दुसरीकडे पाहत होतो, म्हणून ते माझ्या हातून घडलं असं म्हणता येणार नाही.
पेठ नाक्यावर हायवेला लागलो तेव्हा उजाडत होतं. गाडी चोक ओढून, पण सुरेख. मी क्रांतीला सांगत होतो की मागून येणारे लोक कसे आपल्याकडे टक लावून बघताहेत. खरंच एक पांढरी चारचाकी बराच वेळ मागे होती, ओव्हरटेक करत नव्हती.
मलकापूरच्या अलीकडे डाव्या बुटात ओलं लागलं. पाहतो तर पाइप फाटलेला, इथेनॉल पायावर गळतं आहे. मग तीन आचके, आणि गप्प. सात वाजून दहा मिनिटं.
मी म्हटलं, पाच मिनिटं. ती घड्याळ बघत होती. पांढरी चारचाकी मागे येऊन थांबली. लालासाहेब उतरला. पेठ नाक्यापासून मागेच होता. क्रांतीनेच त्याला सांगितलं होतं: "आप्पांना कळू द्यायचं न्हाई. पोचली गाडी तर मामा, तुमी मागच्या मागं जावा."
एकदा वाटलं ओरडावं. तिने माझ्या पायावरचं ते ओलं आपल्या ओढणीने पुसलं. "पेटतं हे, आप्पा. लांब बसा." आणि गेली.
इथला मेस्त्री विचारतो, "काय घातलं हुतं?" मी ऊस म्हणालो.

संध्याकाळी ७. घरी.
क्रांती वेळेत पोचली. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, तिन्ही चांगलं झालं म्हणते. गर्दीत तिच्या नावाची हाक आली तेव्हा तिथे लालासाहेब उभा होता. मी नव्हतो.
मलकापुरात पाइप मिळाला नाही. येताना दोघे मला घ्यायला थांबले. लालासाहेबने डिकीतून दोर काढला. त्याने दोर आणला होता, म्हणजे तोही तयारीनेच आला होता. सर्व्हिस रोडने सावकाश इस्लामपूरपर्यंत मोटरसायकलवर बसूनच आलो. पुढे दोर, दोरापुढे चारचाकी, पेट्रोलवरची. तिचा सगळा धूर माझ्या तोंडावर.
मागच्या काचेतून क्रांती सगळा रस्ता माझ्याकडे बघत होती, दोर तुटतो की काय म्हणून. एकदाही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.