काडी उचलेपर्यंत

खंडवा,
४ नोव्हेंबर १९९३

चि. दिवाकर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. गिरणी बंद पडली, तिच्या क्लबातला तुझा जाझ बँड उघड्यावर आला, ते नशीब म्हणू. पण ज्या मोहनला तू ट्रम्पेट धरायला शिकवलंस, त्यानेच नवं काम देणाऱ्या हॉटेलवाल्याला सांगावं की सरांचे हात कापतात, ड्रम आता जमत नाही? आणि तुझीच पोरं घेऊन स्वतः मास्तर व्हावं? मी माहेरी आले की मेला माझ्या हातचे पोहे खायचा, वर सेव मागून मागून घ्यायचा!

आता म्हणे तोच तुझा सत्कार करणार. गेलास तर असा जा की जन्मभर आठवला पाहिजे. तू पहिल्यापासून सोसणारा. लहानपणी तुझ्यासाठी भांडून मार मात्र मी खाल्ला. चि. सौ. स्मिताला आशीर्वाद. प्रकृतीला जप, पण राग थंड होऊ देऊ नकोस.

तुझ्यावर चिडलेली,
सुहासिनीताई


जुनी इंदूर,
२१ नोव्हेंबर १९९३

ती. सुहासिनीताईस, शि. सा. न. वि. वि.

गेलो. मोहनने शाल घातली, माईकवर सांगितलं की सर तो हमारे बाप हैं, पूरा हॉल टाळ्या. मग फोटोपुरतं मला ड्रमवर बसवलं. म्हटलं, हात कापतात ना, बघच आता, भिया.

आमच्या बँडचा कायदा तुला ठाऊक आहे. एकट्याने वाजवायची पाळी आली की मी ड्रमची काडी वर उचलेपर्यंत थांबायचं नाही. घाबरून अर्ध्यात पळणाऱ्या पोरांसाठी मीच तो केला होता. मोहनची पाळी आली आणि मी काडी उचललीच नाही. उलट लय चढवत नेली. हल्ली तो रियाज करत नाही, नुसती मॅनेजरी करतो, हे लगेच कळलं. सूर फाटले, कोट घामाने भिजला, लोक हसायला लागले. तो माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. खरं सांगतो ताई, फार मजा आली. त्याच्या ओठातून रक्त आलं, तेव्हा काडी उचलली.

हॉटेलवाल्याने त्याला काढलं. त्याच्या जागी मला विचारलं, मी नाही म्हणालो. स्मिता तेव्हापासून बोलत नाही. तू तरी शाबासकी दे.

तुझा आज्ञाधारक,
दिवाकर


खंडवा,
२९ नोव्हेंबर १९९३

चि. दिवाकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी शेजारी पेढे वाटले. बरी खोड मोडलीस! संध्याकाळी पुन्हा वाचलं, तेव्हापासून चैन नाही.

अरे, त्याला कुणी बांधून ठेवलं होतं का? बँड त्याचा, हॉटेल त्याच्या बाजूचं. ट्रम्पेट खाली ठेवलं असतं तर तू काय करणार होतास? लोक हसले, रक्त आलं, तरी मेला तुझा कायदा पाळत काडीकडेच बघत राहिला.

माफ मुळीच करू नकोस, मीही करणार नाही. पण एकदा घरी बोलाव त्याला. स्मिताला म्हणावं, पोहे कर. सेव तेवढी फिकी, बिनतिखटाची आणा, ओठ फुटलेत त्याचे.

लोभ आहेच, रागही आहे.
ताई