गोल बुडाचा चंबू

३ मार्च, सोमवार
आज प्रयोगशाळेतली चोपन्न काचेची भांडी धुतली. एका चंबूनं मात्र जीव खाल्ला. गोल बुडाचा. धुण्याच्या टबात नव्हता, शेजारी ठेवला होता. दिसायला लख्ख, पण पाणी घातलं की आत थेंब थेंब धरायचा! काच स्वच्छ असली की पाणी कसं सरसर एकसारखं उतरतं. थेंब धरला म्हणजे तेलकट — हे मला कुणी शिकवायला नको. सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा घासला, तेव्हा वठणीवर आला. नेऊन टेबलावर ठेवला. घरी सांगितलं तर ही म्हणते, "इथं चहाचा कप कधी विसळला नाहीत ते!"

४ मार्च
चष्मेवाली ताई दिवसभर गप्प. प्रयोगशाळेत सगळ्यांत धाकटी तीच. मला काका म्हणते. आज डबाही उघडला नाही.

६ मार्च
विचारलं, "काय बिनसलं, ताई?" भडाभडा बोलली. आठ महिने खपून तिनं एक चरबी तयार केली आहे. तिचे डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे — लायपोसोम म्हणतात — आणि आत कर्करोगाचं औषध भरायचं. नुसतं औषध टोचलं तर अंगभर धिंगाणा घालतं. केस जातात, हृदयालाही इजा. फुग्यात बसवलं की बरंचसं गुपचूप गाठीपर्यंत पोचतं.
"मग अडलं कुठं?"
"आधी चरबीचा थर चंबूत आतून सुकवायचा, काका. इतका पातळ की दिसतही नाही. मग पाणी घालून फिरवलं की दुधाळ होतं. सोमवारी थर दिला, मंगळवारी पाणी घातलं — नितळ! चरबीच नासलेली, दुसरं काय?"
सोमवारी. चंबू. थेंब!
"हो का, हो का" करत राहिलो.

७ मार्च
आजही नाही बोललो.

११ मार्च
मोठे साहेब तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ महिने पाण्यात! शुक्रवारी ते सगळं टाकून दे, दुसरा विषय घे." खाली मान घालून "हो सर" म्हणाली. मी तिथंच होतो.
मागच्या वर्षी एका धुणाऱ्यानं बाटलीवरची नावाची चिठ्ठी नुसती पुसली, तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर न घेता दारातूनच परत लावलं. या वयात मला कोण दारात उभं करणार? असं मनाशी घोकतो, आणि घोकताना स्वतःचीच शिसारी येते.

१४ मार्च
सांगितलं! उरलेल्या चरबीची कुपी घेऊन ती मोरीपाशी आली, झाकण काढलं, तेव्हा. "ताई, टाकू नका. तो चंबू मी धुतला होता. थेंब धरत होता म्हणून."
वाटलं, आता थोबाडीत बसणार. तर मटकन खुर्चीत बसली नि हसतच सुटली. डोळ्यांत पाणी. "म्हणजे चरबी चांगली आहे! अहो काका, इतके दिवस काय करत होतात?"


१७ मार्च
कुपीतल्या चिमूटभर चरबीवर तिनं तोच प्रयोग पुन्हा केला. मला हाक मारून दाखवलं. पांढुरकं, उजेडात निळसर. फुगेच फुगे! ऊर भरून आला, आणि लगेच शरम. उद्या साहेब बघायला येणार. त्यांना मी स्वतः सांगणार — ताईला तसा शब्द दिला आहे. "राहू द्या हो," म्हणाली. राहू देणार नाही.

१८ मार्च
साहेबांनी विचारलं, "मग पहिल्यांदा काय झालं होतं?" ताई म्हणाली, "चंबू मीच चुकून धुतला, सर." साहेब म्हणाले, "एवढी धांदरट? मग औषध भरायचं काम दुसऱ्या कुणालातरी देतो."
मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही.