आखाडातलं पापलेट

न्हावरे, ता. शिरूर
३० जुलै

श्री. धर्माशेठ तांडेल, मु. हर्णै, यांना न्हावऱ्याच्या हौसरावाचा मनापासून रामराम. तुमची, वहिनींची आणि बोटीची तब्येत बरी असेल (बोटीची तब्येत विचारतात की नाही, ठाऊक नाही, आमच्याकडे ट्रॅक्टरची विचारतात). इकडे सगळं ठीक आहे. उसाला पाणी आहे, म्हैस व्यायली आहे, सृष्टी रोज कुरकुंभला कंपनीत जाते-येते, फक्त माझ्याशी बोलत नाही. तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. जाताना "कळवतो" म्हणालात. आम्ही काही वाट बघत बसलेलो नाही, हे आधीच सांगतो.

त्या दिवशीच्या जेवणाबद्दल गैरसमज नको, म्हणून हे पत्र (फोनवर मला अर्ध्यात तोडतात). तुमचा हृतिक आणि आमची सृष्टी एकाच कंपनीत, त्यांचं त्यांनी जमवलं, आणि तुम्ही मुलगी बघायला आलात ते नेमके आखाडात. आखाड म्हणजे आमच्याकडे श्रावण लागायच्या आत मटण-मासे खाऊन घ्यायचा महिना. दौंडच्या मच्छीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. आता मी शेतकरी माणूस. बाजारात कांदा मायंदाळ आला म्हणजे कुठंतरी काढणी चालू आहे, एवढं मला कळतं. सगळा तालुका मासे खातोय, म्हणजे समुद्रही ऐन काढणीला आलेला असणार, असा मी अंदाज बांधला. (यात चूक काय, हे अजून कोणी मला धड समजावून सांगितलेलं नाही.) सृष्टीची आई, आमच्या कस्तुराबाई, म्हणत होत्या, "आवो, कोंबडं कापू. समिंद्राच्या माणसाला मासं कशाला घालताय?" मी ऐकलं नाही. पापलेट ताटात आलं. तुम्ही ते बोटानं उलटं केलंत, पाठीचा काटा चाचपलात आणि विचारलंत, कुठल्या बंदराचं? मी छातीठोकपणे सांगितलं, तुमच्याच हर्णैचं, परवाच्या बोटीचं. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की बोटी एक जूनपासून वर ओढून ठेवल्यात, या दिवसांत मासे अंडी घालतात, सरकारची बंदी असते. एवढं बोलून तुम्ही दोन तुकड्या खाल्ल्यात आणि हात धुतलेत. हृतिक पंख्याकडे बघत होता. सृष्टीनं त्याच क्षणापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

पण मी खचणारा माणूस नाही. दौंडच्या मासेवाल्या रंगुबाईकडे चार चकरा मारून मी समुद्राचा पुरता अभ्यास केला आहे. खरीप म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, बंदी उठली की कोळंबी आणि पापलेट. रब्बीला बांगडा, आणि थंडी पडली की सुरमई. उन्हाळी पीक म्हणजे ऊन खाऊ घालून सुकवलेला जवळा. रंगुबाई म्हणाली, "मामा, माशाला कुठं खरीप-रब्बी असतंय व्हय?" पण तिला शेती नाही, तिला काय कळणार? माझी एक सूचनाही आहे. आम्ही खायला बसतो तेव्हा तुमची बंदी, आणि तुमच्या बोटी निघतात तेव्हा आमचा श्रावण. कालव्याच्या पाण्यासारखं समुद्राचंही आवर्तन बैठक घेऊन ठरवायला हवं होतं. बैठकीला मी आलो असतो.

हृतिक पुढच्या वर्षी नोकरी सोडून तुमच्या बोटीवर जाणार, असं सृष्टीनं तिच्या आईला सांगितलं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

वहिनींना नमस्कार. परवा बोट काढाल, ती आभाळ बघून काढा.

आपला,
हौसराव

ता. क. ते पापलेट नव्हतं. उजनी धरणातली चिलापी होती. रंगुबाईनं तोंडावर सांगितलं होतं की आत्ता ताजं पापलेट मिळायचं न्हाई. मीच म्हटलं, मसाल्यात कोणाला कळतंय. तुम्हाला पहिल्याच नजरेत कळलं, तरी चार माणसांत माझी लाज राखून तुम्ही जेवलात. असं सासर माझ्या पोरीला मिळावं, असं मला तेव्हाच वाटलं.

आणखी एक. वाट बघत नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. होकार द्या.

शेवटचं. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हा सगळा अभ्यास केला तो माशांसाठी नाही. कुठल्या महिन्यात जावई पाण्यावर असेल आणि माझी पोरगी दारात उभी असेल, ते मला माहीत असायला हवं होतं. सगळे हंगाम तपासले. मला पसंत पडला तो एकच, जून-जुलैचा. त्यात मासा मिळत नाही आणि माणूस घरी असतो. ते दोन महिने दोघांना आमच्याकडे पाठवायचं, एवढी एकच अट आहे. बाकीचे दहा महिने मी कसे काढायचे, ते मात्र मला एकदा समजावून सांगा.